घरामागचा कोपरा: जुनं लाकूड, जुन्या विटा, बांबू आणि पाण्याला वाट

घरामागे साधारण १२ बाय १० फुटांचा एक कोपरा होता, दोन बाजूंना भिंत, तिसरीकडे कुंपण, चौथी बाजू उघडी. माती, थोडं गवत, बांधकामातनं उरलेल्या काही विटा, एवढंच. तिथे बसायची जागा करूया असं घरात खूप दिवस बोलणं चाललेलं आणि दरवेळी गाडी नवीन फर्निचरच्या सेटवर येऊन अडायची. मला नवा सेट नको होता. पैशाचा मुद्दा होताच, पण त्याहून जास्त म्हणजे मला अशी जागा हवी होती जिथे ओल्या पायाने, हातातला कप कुठेही टेकवत, काही खराब होईल याची काळजी न करता बसता येईल. म्हणून जुनं लाकूड, जुन्या विटा, बांबू, दगड, काथ्या असल्या वस्तूंनीच करायचं ठरवलं आणि आज आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरात असलेली जागा तीच आहे. कसं केलं ते सविस्तर लिहिते, कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी काहीही न आणता मी तिथे नुसती बसले. एक साधं स्टूल घेऊन, सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला, कधी भिंतीजवळ कधी कुंपणाजवळ. हे करायला काही लागत नाही आणि यातनं जे कळतं ते कुठल्याही प्लॅनमधून कळत नाही. उदाहरणार्थ दुपारनंतर पश्चिमेचं ऊन इतकं तिरकं येतं की डोक्यावर कितीही चांगलं छप्पर घातलं तरी ते खालून घुसून सरळ डोळ्यात जाणार, म्हणजे तिथे छप्पर नको, उभा आडोसा पाहिजे. वारा बहुतेक वेळा उघड्या बाजूने येतो आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यात येऊन शांत होतो. पाऊस पडून गेल्यावर एका ठिकाणी पाणी बराच वेळ साचून राहतं. आणि शेजारच्या खिडकीतून नेमकं कुठपर्यंत दिसतं तेही कळलं. या चार गोष्टी कळल्या आणि अर्धं डिझाइन तिथेच झालं.

बसताना अजून एक लक्षात आलं. मधोमध स्टूल ठेवलं की दोन मिनिटांत उठावंसं वाटायचं, कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून समोर झाडं दिसतील असं बसलं की उठवत नव्हतं. पाठीमागे काहीतरी भक्कम आणि समोर मोकळं, हे माणसाला आवडतंच बहुधा. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या पुस्तकात हे लिहून ठेवलंय, आणि तिथेच असंही म्हटलंय की सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी लोक फारशी वापरतच नाहीत, कारण खुर्च्या, छोटं टेबल आणि पाय लांब करायला जागा एवढं त्यात मावत नाही. मी हा सहा फुटांचा आकडा धरूनच आखणी केली. कोपऱ्यात एल आकाराचा बाक, समोर टेबल, टेबलापलीकडे दोन खुर्च्या, आणि जायला यायला अडीच फुटांची वाट. खडूच्या पावडरने जमिनीवर सगळं रेखून घेतलं, त्यात चालून पाहिलं, पाय लांब करून पाहिले आणि मगच सामान शोधायला लागलो.

सामान शोधायच्या आधी आमच्या ओळखीच्या सुतारकाकांना जागा दाखवायला बोलावलं होतं. त्यांना विचारलं, काका, जुनं लाकूड बाहेर टिकेल का? ते म्हणाले, “ताई, लाकूड पाण्याने भिजलं तर काही होत नाही, भिजलेलं राहिलं तर होतं. त्याचे पाय कोरडे ठेवा आणि वरचं पाणी खाली जाऊ द्या, बाकी रंग पॉलिश नंतर बघू.” हे वाक्य मी पुढे प्रत्येक वस्तूला लावलं, लाकडाला, बांबूला, विटांना, गाद्यांना, कुंड्यांनासुद्धा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, इथलं पाणी कुठे जाणार? उत्तर मिळालं तर ती वस्तू बाहेर ठेवायची, नाही मिळालं तर काहीतरी बदलायचं. जुन्या आणि नैसर्गिक वस्तूंनी बाहेरची जागा करायची तर मला वाटतं हीच एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

मग जमिनीपासून सुरुवात केली. फरशी की सिमेंट की विटा यात मी विटा निवडल्या कारण विटांच्या फटींतून पाणी जमिनीत मुरतं, एखादी खचली तर तेवढीच काढून परत बसवता येते, आणि जुन्या विटांचा जो रंग असतो, कुठे लाल कुठे काळपट कुठे फिकट, तो नव्या विटांना येत नाही. पाडलेल्या जुन्या घराच्या विटा मिळाल्या. घेताना प्रत्येक ढिगातल्या दोन दोन विटा एकमेकींवर आपटून बघायच्या, चांगली भाजलेली वीट खणखणीत वाजते, कच्ची असेल तर भद्द आवाज येतो. नखाने किंवा खिळ्याने ओरखडा काढून बघायचा, सहज खोल ओरखडा उठला तर ती जमिनीत घालण्याजोगी नाही. शंका असेल तर एक वीट कोरडी वजन करून एक दिवस पाण्यात बुडवून परत वजन करायची, चांगली वीट स्वतःच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पीत नाही. आणि हो, चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या विटा मिळाल्या तर सोडू नका, चुना छिन्नीच्या हलक्या फटक्याने सुटून येतो. सिमेंटमध्ये बांधलेल्या विटा साफ करताना सिमेंट सुटत नाही, वीटच फुटते.

९ बाय साडेचार इंचाची वीट आडवी टाकली तर चौरस फुटाला साधारण साडेतीन विटा लागतात, फुटक्या-तुटक्या धरून थोड्या जास्त घ्यायच्या. खाली आठ इंच माती काढली, त्यात चार इंच मुरूम आणि बारीक खडी टाकून पाणी मारून धुमसने ठोकून घेतलं. हे ठोकणं सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात महत्त्वाचंही तेच, कारण वरची वीट खचते ती खालचा मुरूम सैल राहिला म्हणून. एकदम चार इंच टाकून ठोकायचं नाही, दोन दोन इंचांचे थर करायचे म्हणजे खालपर्यंत घट्ट बसतं. त्यावर एक इंच वाळू, फळीने ओढून सारखी केलेली, आणि त्यावर विटा. उतार घराच्या भिंतीपासून लांब, फुटामागे पाव इंच. एवढा उतार बसल्यावर पायाला जाणवत नाही, टेबलावरचा कप घसरत नाही, पण पाणी मात्र निघून जातं. लेव्हल बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन खुंट्यांना धरली, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला थांबतं, तिथे खूण करून मग हव्या तेवढ्या उताराने दोरी बांधली.

मांडणी मी दोन आडव्या दोन उभ्या अशी केली, टोपलीच्या विणीसारखी दिसते ती, त्यात विटा कापाव्या लागत नाहीत हा मोठा फायदा. कडेला विटांची एक रांग उभी गाडली, नाहीतर कडेच्या विटा हळूहळू बाहेर सरकतात आणि मग मधल्या फटी रुंद होत जातात. शेवटी वर कोरडी बारीक वाळू पसरून झाडूने फटींत भरली, काही दिवसांनी परत भरली, कारण पहिली वाळू खाली बसते. जिथे पाणी साचायचं तिथे उताराच्या टोकाला एक खड्डा करून त्यात दगडगोटे आणि खडी भरली, सगळं पाणी तिथे येऊन मुरतं.

आता लाकूड. जुनं लाकूड म्हटलं की मन हरखून जातं हे खरं, भंगारवाल्याकडे एखादा रुंद जुना फळा दिसला की आधी घ्यावासाच वाटतो. पण काही लाकडं मी दारातूनच परत पाठवली आणि यावर थोडं जास्त लिहिते कारण याबद्दल फार बोललं जात नाही. रेल्वेचे जुने स्लीपर दिसायला फार सुंदर असतात, जाड, काळे, दणकट. पण त्यात क्रिओसोट जिरवलेलं असतं, डांबरी वासाचं तेल, उन्हात ते बाहेर येतं, अंगाला लागलं तर आग होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत ठेवलंय. जिथे मुलं उघड्या पायांनी बसणार तिथे ते नकोच. दुसरं म्हणजे हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं जुनं लाकूड, त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं, ते घासायचं नाही, जाळायचं तर मुळीच नाही.

तिसरं, जुना तैलरंग लावलेली दारं खिडक्या. जुन्या तैलरंगात शिसं सर्रास असायचं, रंग उजळ आणि टिकाऊ व्हावा आणि लवकर वाळावा म्हणून. अशा दारावर कोरडा सँडपेपर मारला की ती धूळ घरभर जाते, आणि लहान मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण माहीत नाही. मला एक निळं जुनं दार खूप आवडलं होतं, रंगाचे पापुद्रे निघालेलं, आणि तसंच ठेवलं तर छान दिसलं असतं असं सगळे म्हणाले. मी नाही घेतलं. रंग किती जुना आहे ते सांगता येत नसेल तर शिसं तपासायचं किट आणून बघा, नाहीतर सरळ बिनरंगाचं लाकूड घ्या, जुन्या वाशांमध्ये आणि तुळयांमध्ये ते भरपूर मिळतं.

पॅलेट म्हणजे सामान ठेवायच्या लाकडी चौकटी, त्यांच्यावर शिक्का असतो तो वाचायचा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीतल्या लाकडी पॅकिंगसाठी आयएसपीएम १५ नावाचा नियम आहे, त्यात एचटी असा शिक्का असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते चालतं. एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नका. आणि शिक्का कुठलाही असो, त्यावर तेलकट किंवा रसायनाचे डाग असतील तर नको, त्यावर काय सांडलंय ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

आम्हाला शेवटी जुन्या छपराचे वासे मिळाले आणि थोड्या एचटी शिक्क्याच्या पॅलेटच्या पट्ट्या. वासे घेताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघितलं, विशेषतः टोकांना, कारण वाशाचं टोक भिंतीत असतं आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग कापून टाकायचा, बाकीचा वासा ठणठणीत असू शकतो. वाळवीच्या मातीच्या रेघा, बारीक भोकं आणि त्यातून पडणारा पिठासारखा भुसा हेही बघायचं. मग खिळे. हातोडीच्या मागच्या बाजूने दिसतील ते सगळे उपसले, आणि एक चुंबक घेऊन पूर्ण लाकडावरून फिरवलं, आत मोडून राहिलेले खिळे असे सापडतात. सुतारकाकांनी तर हे झाल्याशिवाय रंध्याला हात लावणार नाही असं सांगितलं होतं, एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. हे काम माझ्या मुलीने केलं, तिला चुंबक टक्कन चिकटलं की फार आनंद व्हायचा.

बाकाची मापं मी घरातल्या सगळ्यांना बसवून ठरवली. बैठक गादी धरून १७ इंच उंच, १९ इंच खोल, पाठ थोडी मागे झुकलेली. आईचे गुडघे दुखतात, तिला खोल खालच्या सोफ्यातून उठता येत नाही, त्यामुळे बाकाच्या एका टोकाला हात टेकायला दांडी ठेवली आणि तिकडची बैठक एक इंच उंच केली. बाहेरच्या जागेची जी चित्रं बघायला मिळतात त्यात सगळं जमिनीलगत असतं, ते तरुण माणसांना ठीक आहे, पण घरात वयस्कर कुणी असेल तर त्यांच्या गुडघ्यापासून मापं घ्या एवढंच सांगेन.

बैठकीच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या नाहीत, मध्ये बोटाच्या जाडीपेक्षा थोडी कमी फट ठेवली म्हणजे पाणी खाली पडतं आणि लाकूड फुगलं तरी जागा मिळते. बाकाचे पाय जमिनीवर नाहीत, प्रत्येक पायाखाली सपाट दगड आहे. पायांची खालची टोकं, म्हणजे जिथे लाकडाच्या शिरा उघड्या असतात ती बाजू, तिला तेल पिववून पिववून भरलं, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथूनच ओढतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घेतले. साधे लोखंडी चालले नसते का? गंज तर येतोच, पण टॅनिन, म्हणजे लाकडातलं तुरट द्रव्य, जास्त असलेल्या लाकडात ओलाव्यात लोखंडाभोवती काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. बाकात एवढी एक गोष्ट नवी घेतली, आणि नवीच घ्यावी असं माझं मत आहे.

पॉलिशला व्हार्निश न वापरता उकळवलेलं जवसाचं तेल वापरलं. व्हार्निश वर थर करून बसतं, सुरुवातीला चमकतं, पण उन्हात तडकलं की पापुद्रे निघतात आणि मग सगळं खरवडून परत करावं लागतं. तेल आत जातं, फिकट झालं की नुसता वरून अजून एक हात मारायचा. पातळ लावायचं, थोड्या वेळाने जे जिरलं नाही ते कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, नाहीतर चिकट राहतं. आणि ती फडकी, कृपा करून बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती बाहेर दगडांवर एकेरी पसरून कडक वाळवली आणि मगच टाकली, पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवली तरी चालतात.

पश्चिमेच्या उन्हासाठी बांबूचा आडोसा केला. बांबू म्हणजे गवतच, त्यात साखर आणि स्टार्च भरपूर, आणि भुंग्यांना तेच हवं असतं. कच्चा बांबू आणून उभा केला तर थोड्याच दिवसांत खाली पिठासारखी पावडर दिसायला लागते. त्यामुळे आधी लांब सळईने वरच्या टोकाचा सोडून आतले पडदे फोडले, म्हणजे पेरांमधल्या गाठींचे, आणि मग बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात बुडवून ठेवले. पाण्याच्या ५ ते ८ टक्के असं प्रमाण साधारण धरतात. जमिनीत चर खणून त्यात जुनं जाड प्लॅस्टिक अंथरलं आणि तिथेच भिजवले. उरलेलं द्रावण झाडांच्या मुळाशी ओतायचं नाही हे लक्षात ठेवा, त्यातलं बोरॉन जास्त झालं की झाडं जळतात. आणि हे द्रव्य पावसाने धुऊन जातं, म्हणून बांबू सावलीत वाळवून वरून तेलाचा हात दिला आणि बुंधे जमिनीत न पुरता दगडात बसवलेल्या लोखंडी नळ्यांवर खोचले. जमिनीत पुरलेला बांबू फार टिकत नाही, एक-दोन वर्षांत मातीलगत कुजतो.

वरची टोकं कापताना गाठीच्या अगदी वर कापली, म्हणजे वरून बांबू बंद राहतो. दोन गाठींच्या मध्येच कापलं तर वर पेला तयार होतो, त्यात पावसाचं पाणी साठतं, बांबू आतून कुजतो आणि डासांचीही सोय होते. बांधायला काथ्याची दोरी, आणि जिथे स्क्रू लागले तिथे आधी ड्रिलने भोक पाडून मग स्क्रू, नाहीतर बांबू उभा चिरत जातो. काथ्या ओला-सुका होऊन सैल पडतो, वर्षातून एकदा परत ताणून बांधावा लागतो. मला ते काम आवडतं, सकाळी उन्हं चढायच्या आत निवांत करता येतं.

बांबू मी घट्ट भिंतीसारखा लावला नाही, मध्ये बोट-दोन बोटांची फट आहे. पूर्ण बंद आडोसा वाऱ्याला अडवतो, मग वारा वरून उसळी मारून आत भोवरा करतो आणि वादळात सगळी चौकट ढकलतो. फटी असल्या की वारा मंद होऊन आत येतो आणि दुपारी बाकावर उभ्या रेघांची सावली पडते. त्यावर वेल सोडलाय, हळूहळू चढतोय, पानगळीचा निवडला म्हणजे थंडीत ऊन येऊ देईल.

खुर्च्या दोन, दोन्ही जुन्या लोखंडी घडीच्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्या तुटलेल्या म्हणून कुणीतरी काढून टाकलेल्या. सांगाडा सरळ असेल, जोड हलत नसतील तर अशी खुर्ची जरूर घ्या. तारेच्या ब्रशने गंज काढला, रेड ऑक्साइड लावला, वर गडद हिरवा रंग दिला आणि सुती नवार विणली. नवार ओढून विणायची, बसल्यावर ती सैल पडतेच. पावसात या खुर्च्या आत येतात कारण सुती नवार ओली राहिली की कुजते, पण घडीच्या असल्यामुळे आत घेणं एका हाताचं काम आहे. टेबलासाठी जुन्या ओट्यातली काळ्या दगडाची फळी मिळाली, एक कोपरा उडालेला, ती विटांच्या दोन छोट्या खांबांवर ठेवली. १६ इंच उंची, बाकापासून १५ इंच लांब, बसल्या बसल्या हात पोचतो आणि पायही मावतात. दगडाला ऊन, पाऊस, गरम भांडं, कशाचंच काही नाही. त्या कोपऱ्यापाशी आता पाण्याची बाटली ठेवायची सगळ्यांना सवय झालीये.

गाद्यांचं थोडक्यात सांगते. जुन्या सोफ्याचा फोम कापून घेतला, जुन्या जाड पडद्यांचे अभ्रे शिवले, खालच्या बाजूला जाळीचं कापड लावलं म्हणजे भिजलंच तर पाणी खालून निघतं. भिजलेली गादी आडवी वाळत घालायची नाही, कडेवर उभी करायची, पाणी उतरून जातं. खाली अंथरायला जुनी सतरंजी. रात्री सगळं बाकाखालच्या पेटाऱ्यात जातं, पेटाऱ्याला मागे वारा जायला भोकं आहेत, बंद ठेवलं तर बुरशीचा वास धरतो.

दिव्यांसाठी खूप विचार केला कारण जागा उबदार वाटते की नाही हे संध्याकाळी बऱ्याचदा दिवाच ठरवतो. पांढरा प्रखर दिवा वरून लावला की तीच जागा पार्किंगसारखी दिसायला लागते. २७०० केल्विनचे पिवळसर एलईडी घेतले, १२ व्होल्टचे, जुन्या काचेच्या बरण्यांमध्ये, आणि सगळे गुडघ्याच्या उंचीच्या आसपास, डोळ्यांवर एकही येत नाही. पिवळसर उजेडाकडे पांढऱ्या-निळसर उजेडापेक्षा किडे कमी येतात हा आणखी फायदा. बरण्या उलट्या टांगल्यात, तोंड खाली, म्हणजे पाणी आत साठत नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र घराच्या आतच आहे आणि बाहेरची जोडणी आयपी ६५ च्या, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणाऱ्या डब्यात, हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, यात जुनं काही वापरू नका.

कुंड्या म्हणून जुने पत्र्याचे डबे, फुटकी मातीची भांडी, एक गळकी बादली. सगळ्यांना खाली भोकं, आणि सगळ्या विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवलेल्या. खाली खडीचा थर घातला की पाणी चांगलं निघतं असं सगळे सांगतात पण तसं होत नाही, पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडून राहतं आणि मुळांची जागा कमी होते, त्यापेक्षा माती भुसभुशीत ठेवा. खालच्या बशा मी काढूनच टाकल्या. साचलेल्या पाण्यात डासाचं अंडं ते डास हा प्रवास गरम हवेत आठवडा-दहा दिवसांत होतो, म्हणून दर रविवारी एक फेरी मारून कुठे पाणी अडकलंय का ते बघते, बादलीच्या कडेत, ताडपत्रीच्या घडीत, मुलांच्या विसरलेल्या खेळण्यात.

मधोमध छोटी शेकोटी करायची नवऱ्याची फार इच्छा होती. ती केली, पण कडेला नदीतले गोटे लावले नाहीत, त्यांच्या आत पाणी अडकलेलं असेल तर तापल्यावर दगड फुटून तुकडे उडू शकतात. जुन्याच विटा लावल्या आणि बांबूच्या आडोशापासून शक्य तेवढी लांब ठेवली. त्यात फक्त कोरडं साधं लाकूड जळतं, रंगवलेलं किंवा प्लायवूड कधीच नाही.

एक पूर्ण पावसाळा या सगळ्यावरून गेला. विटा कुठेही खचल्या नाहीत, सावलीतल्या विटांवर शेवाळ धरलं ते खराट्याने आणि पाण्याने निघालं. बाकाचं लाकूड उन्हाच्या बाजूला राखाडी पडायला लागलंय, उन्हाने वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, जातं त्याचा तो रंग, आतलं लाकूड चांगलं असतं. घरात यावरून दोन तट आहेत, आईला राखाडी आवडतं, मला तेल लावलेलं तपकिरी. सध्या बैठकीला तेल लावते आणि पाठ तशीच सोडलीये. उघड्या बाजूचं अजून काही केलेलं नाही, तिथे जुन्या खिडक्यांच्या बिनरंगाच्या चौकटी मिळाल्या तर त्यात दोऱ्या ओढून वेलांना चढायला द्यायचं मनात आहे. मापं वहीत लिहून ठेवलीत आणि वही कायम पिशवीत असते, जुन्या सामानाच्या दुकानात कधी काय समोर येईल सांगता येत नाही.